छातीचे तीन फोटो

"आधीचे फोटो कुठायत हिचे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि पोरीच्या बापाच्या, फौजेतल्या हवालदार जोतीरामच्या, तोंडचं पाणी पळालं.

फोटो म्हणजे छातीचे, एक्स-रेचे. टेबलावर साडेतीन वर्षांची शिवांजली बसली होती. बसली कसली, मागून तिच्या आईनं, सुलाबाईनं, धरली होती म्हणून टिकली होती. पोट उडत होतं. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची आणि गळ्याखाली खळगा पडायचा. वजन भरलं नऊ किलो. गेल्या नऊ महिन्यांत पोरगी एवढीशीसुद्धा वाढली नव्हती. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीत आज सकाळीच काढलेला फोटो लावला होता आणि त्यात उजव्या बाजूला, खाली, लिंबाएवढा पांढरा डाग दिसत होता. डॉक्टर नसलेल्या माणसालाही कळावा इतका स्वच्छ.

हे डॉक्टर पुण्याचे. महिन्यातल्या पहिल्या रविवारी सांगलीला यायचे, एका खासगी दवाखान्यात बसायचे आणि फक्त लहान पोरांच्या छातीचं बघायचे. असा डॉक्टर असतो हेच मुळात जोतीरामच्या माळवाडीला ठाऊक नव्हतं. डोळ्याचा वेगळा, हाडाचा वेगळा, दाताचा वेगळा, हे ठीक. पण पोरांच्या फुफ्फुसाचा वेगळा? बिराप्पा धनगर तर तोंडावर म्हणाला होता, "मंग कोकराच्या फुफ्फुसाचा बी येगळा आसंल की रं कुटं!" जोतीरामला हा पत्ता लागला तो साताऱ्याला, लष्करी कँटीनच्या रांगेत. पुढं उभ्या असलेल्या एका निवृत्त सुभेदारानं सांगितलं, की माझा नातू मेल्यातच जमा होता, ह्या माणसानं उठवला. तेवढ्या एका वाक्यावर जोतीराम आठ दिवस तग धरून होता. नाही तर कराड झालं होतं, सातारा झालं होतं, इस्लामपूर झालं होतं. एकानं न्यूमोनिया म्हणून सुया टोचल्या. दुसऱ्यानं टीबी सांगितला आणि लाल औषध चालू केलं, त्यानं पोरीची लघवी लाल व्हायची आणि आजी रंगुबाई घाबरून देव पाण्यात ठेवायची. तिसरा म्हणाला बाळदमा, मोठी झाली की जाईल. आता पोरगी मोठी कधी होणार आणि दमा कधी जाणार? तोवर तीच चालली होती.

तर आज नंबर लागला. आधी एका तरुण डॉक्टरनं कागद भरून घेतला. ताप कधीपासून? घरात कुणाला टीबी? जन्मताना रडली होती का? खाताना कधी ठसका लागून गुदमरली होती का? जोतीराम कवायतीला उभा राहावा तसा ताठ उभा राहून खाडखाड उत्तरं देत होता. "न्हाई साहेब. कुणालाच न्हाई साहेब. तसलं कायबी न्हाई साहेब." वर्षातले दहा महिने तो बर्फातल्या चौकीवर, पण पोरीची सगळी हकीकत सांगणार तोच. बाप उभा असताना आईला कोण विचारतो? विचारणाऱ्यानं विचारलं नाही आणि सुलाबाई बोलली नाही.

आणि आता मोठे डॉक्टर आधीचे फोटो मागत होते.

"हे बघा हवालदार," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, पण माणूस घड्याळाकडे बघत बोलत होता, बाहेर चाळीस पोरं खोकत होती. "हा डाग तीन कारणांनी असू शकतो. टीबी असेल, तर औषध पुरं करायचं. जन्मापासून फुफ्फुसाचा तो तुकडाच खराब असेल, तर तो कापून काढायचा. किंवा श्वासाच्या नळीत काही तरी अडकलेलं असेल, तर नळी घालून ते काढायचं. तीन कारणं, तीन वाटा. मुलीत आता ताकद राहिलेली नाही. तिला दोनदा भूल देण्याची माझी हिंमत नाही. जी वाट धरीन ती पहिल्या फटक्यात बरोबर निघाली पाहिजे. म्हणून मला पहिल्यापासूनचे फोटो पाहिजेत. डाग तिथंच होता का, कधी आला, आधी काय होतं. मार्चचा, जूनचा, सप्टेंबरचा. तीन काढले म्हणता ना? कुठायत?"

"घरी हायती साहेब," जोतीराम म्हणाला.

"मग आणले का नाहीत?"

आणायचे नाहीत हा रंगुबाईचा कायदाच होता. आधीच्याचा कागद दाखवला की नवा डॉक्टर त्याचीच री ओढतो. खरा डॉक्टर असेल तर त्यानं आपलं आपण ओळखावं. म्हणून दर डॉक्टरानं आपापला नवा फोटो काढला, आपल्यापुरता बघितला, आणि तिन्ही फोटो एका जागी कुणीच बघितले नाहीत. पण ते निदान पेटीच्या तळाशी नीट तरी होते. दिवाळीपर्यंत होते.

"मी चार वाजता पुण्याला निघतो," डॉक्टर म्हणाले. "चारच्या आत आणा. नाहीच जमलं तर पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या म्हैन्यात?" जोतीराम म्हणाला. "पुढच्या म्हैन्यापातूर राहील का वो ही?"

डॉक्टरांनी पुढच्या पोराचा कागद ओढून घेतला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर गड्यानं काय करावं? बायकोवर उखडला. दहा माणसांच्या देखत. "तुझं ध्यान कुटं हुतं गं? नऊ म्हैने पोरगी अशी वाळत चालली, तुला काय समजलंच न्हाई? आई हायस का कोन हायस?" सुलाबाईनं पोरीचं डोकं खांद्यावर घेतलं, पदर तिच्या पाठीवरून ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ह्याचा आणखीच तिळपापड झाला. राग खरं तर कुणावर होता ते त्याचं त्याला ठाऊक होतं. फोटो घरी नव्हते. फोटो त्यानंच कापले होते.

झालं होतं असं, की दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्याला ग्रहण लागलं. त्या पंच्याण्णव सालच्या ग्रहणाची हवा किती झाली होती! रेडिओवर तेच, टीव्हीवर तेच. जोतीराम नुकताच सुटीवर आलेला. चावडीपुढं बसून सांगायला लागला, उघड्या डोळ्यानं बघू नका, आंधळे व्हाल. एक्स-रेच्या काळ्या काचेतनं बघा, आमच्या युनिटमध्ये तसं सांगितलंय. सांगितलं होतं की नव्हतं देव जाणे, पण फौजी माणूस बोलतोय म्हटल्यावर वस्ती गप्प ऐकते. काळी काच आणायची कुठून? ह्याच्या पेटीत होती ना! सुलाबाई "आवं, पोरीचं फोटू हायती ती" म्हणेपर्यंत गड्यानं कातरी लावलीसुद्धा. कराकरा पट्ट्या पाडल्या आणि घरोघर वाटल्या. सगळी वस्ती माना वर करून त्याच्या लेकीच्या फासळ्यांतनं सूर्य बघत होती आणि हा मधोमध कमरेवर हात ठेवून, जसं काही ग्रहण ह्यानंच लावलंय. दीड महिना झाला त्याला. आज त्याच काळ्या पट्ट्यांवर पोरीचा जीव अडकला होता.

पावणेअकराची कराडकडची एसटी त्याला धावत्यात मिळाली. फाट्यावर उतरला आणि माळवाडीपर्यंतचा दोन किलोमीटरचा रस्ता पळत गेला. बूट काढून हातात घेतले होते. लोकांना वाटलं, खेळ खल्लास, पोरगी गेली. बायका दारात आल्या. "काय झालं रं जोत्या?" तो सरळ घरात शिरला.

"आये, गिराणाच्या काचा कुटं हायती?"

रंगुबाई निवडणं टाकून उठली. "कसल्या काचा?"

"फोटूच्या पट्ट्या गं! आपल्यात चार उरल्या हुत्या."

"त्या व्हय? त्या तवाच सोडल्या की. गिराण बघितलेली वस्तू घरात ठिवत्यात व्हय रं? गिराण सुटल्यावर जुन्या लुगड्यासंगं नदीत सोडून आले."

जोतीराम उंबऱ्यावरच बसला. म्हातारीनं पाणी आणलं, ते घेतलं नाही. चार पट्ट्या कृष्णामाईच्या पोटात. सहा-सात लोकांकडे. उठला.

पहिलं घर बिराप्पाचं. बिराप्पा मेंढरं घेऊन बाहेर गेलेला, घरात त्याची बायको. तिनं हौसेनं आणून दाखवलं. गरम पाण्यात सोडा टाकून, राखेनं घासघासून तिनं त्या पट्टीवरचा काळा रंग पार उतरवला होता आणि लखलखीत काच करून देवाच्या तसबिरीवर बसवली होती. "बगा की भाऊजी, किती झ्याक निगाली! फुटायची भीती न्हाई." जोतीरामनं ती पट्टी उजेडाकडे धरली. आरपार पलीकडचं लिंबाचं झाड दिसलं. त्याच्या लेकीची छाती म्हणून जे काही त्यावर होतं ते मोरीतनं वाहून गेलं होतं. तो हसला की रडला ते त्या बाईला कळलं नाही. ती बिचारी घाबरून मागं सरली.

दुसऱ्या घरात पट्टी पोरांनी चुलीत घालून बघितली होती, जळताना कशी वळते म्हणून. तिसऱ्या घरातली सापडलीच नाही. चौथा नानासो, कोंबड्यांच्या शेडवाला, जोतीरामच्या वर्गातला. त्यानं दोन पट्ट्या खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. जोतीरामनं झडप घातली. एकीवर नुसता खांदा आणि गळ्याचं हाड. दुसरीवर पोटाचा भाग, तोही डावा का उजवा कळेना. कुठल्या फोटोतली कुठली पट्टी, मार्चमधली का सप्टेंबरमधली, कशावरच काही नाही.

"ह्यात काय बगायचं आस्तं रं?" नानासोनं विचारलं.

"उजव्या बाजूला, खाली," जोतीराम म्हणाला, आणि तिथंच, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर, दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडायला लागला. गोळीबारात उभा राहिलेला माणूस. "नान्या, मी मारली रं तिला. सवताच्या हातानं मारली."

नानासोनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग एकदम म्हणाला, "थांब गड्या. दोनच कापलं हुतंस तू. तिसरा बनाबाईनं नेला न्हाई का?"

बनाबाई कांबळे वस्तीच्या पलीकडच्या अंगाला राहायची आणि अंगणवाडी चालवायची. ग्रहणाच्या सकाळी तीही आली होती. तिच्या घरात ग्रहण पाळत नव्हते, पण अंगणवाडीतल्या पोरांना दाखवायचं होतं. जोतीराम तिसऱ्या फोटोला कातरी लावायला निघाला तेव्हा तिनं तो त्याच्या हातातनं अक्षरशः ओढून घेतला होता. "हवालदार, आख्खाच द्या मला. पोरं एकापाठोपाठ एक बगतील." तेव्हा ह्याला ते आगाऊपणाचं वाटलं होतं. ही कोण मला सांगणार! आता तो तिच्या दारात असा उभा राहिला, जसा आयुष्यात कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता.

"बनाबाई, त्यो फोटू... हाय का वो?"

बनाबाईनं कारण विचारलं नाही. तोंड बघूनच तिला कळलं असावं. आतल्या लोखंडी कपाटातनं, हजेरीपट आणि वजनाच्या तक्त्यांच्या खालनं, तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी काढलं. उलगडलं तर आख्खा फोटो. कुठं दुमडलेला नाही, ओरखडा नाही. खाली कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात पोरीचं नाव आणि तारीख: चौदा मार्च पंच्याण्णव. पहिलाच होता तो.

"दिवाळी झाल्यावर परत द्यायला आले हुते मी," ती म्हणाली. "तुमची आई म्हणली, गिराणातली वस्तू आत आणू नका. मंग म्हणलं, ऱ्हाऊ दे. लेकराचं नाव हाय त्याच्यावर, टाकायचं कसं? आनि आता एक सांगते हवालदार, राग मानू नका. म्हैन्याच्या म्हैन्याला वजन करतीया मी तिचं. मार्चपासनं काटा हाललेला न्हाई. सुलाबाईला ठावं हाय त्ये. तिला इचारा कवातरी."

राग कसला मानतोय! त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. बनाबाई "आवं, ह्ये काय, ह्ये काय" करत मागं झाली, तोवर हा फोटो छातीशी धरून पळत सुटला होता.

नानासोनं आपली एम-एटी दुचाकी काढली. पावणेदोन वाजले होते. मागं जोतीराम, शर्टाच्या आत फोटो, वरनं दोन्ही हात आवळलेले. आणि नशीब बघा, कारखान्याचा सीझन. ताकारीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एका ट्रॉलीचं चाक निखळून रस्त्यावर ऊस पसरलेला, दोन्हीकडे एसट्या अडकलेल्या. जोतीराम उतरला आणि उसाच्या ढिगावरनं ती गाडी दोघांनी उचलून पलीकडे घातली. ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता. "दे, दे, आनि दे," जोतीराम म्हणाला, "पर वाट दे." पलूसला साडेतीन झाले. मनात एकच चाललं होतं, चार वाजता तो माणूस गाडीत बसणार, गाडी निघणार, आणि मग महिना. ह्या सुटीत पोरगी रोज रोज थोडी थोडी विझत चाललेली ह्यानं बघितली होती. महिना कशाला, आठ दिवससुद्धा तिच्याकडे नव्हते.

दवाखान्याच्या फाटकात पोचले तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते.

पांढरी गाडी फाटकातच उभी होती. इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. आणि गाडीच्या पुढं, बॉनेटला गुडघे टेकवून, सुलाबाई उभी होती. खांद्यावर पोरगी. दवाखान्याचा शिपाई तिला बाजूला व्हा म्हणत होता आणि ती हलत नव्हती. ती रडतही नव्हती, हातही जोडत नव्हती. नुसती उभी होती. घरात सासूपुढं मान वर न करणारी बाई.

डॉक्टर मागच्या सीटवरनं उतरले. "तुमच्या बाई मला जाऊ देईनात," ते म्हणाले. "पंचवीस मिनिटं झाली. द्या, काय आणलंय ते."

जोतीरामनं शर्टातनं फोटो काढला. घामानं ओला झाला होता. "एकच गावला साहेब," तो म्हणाला, आणि खोटं बोलण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. "बाकीचं दोन मी कापलं. गिराण बगायला."

डॉक्टरांनी तिथंच उभ्या उभ्या फोटो उन्हाकडे धरला. बराच वेळ बघत राहिले. मग बोटानं उजवीकडे खाली दाखवलं. तिथं पांढरा डाग नव्हताच. उलट तो भाग बाकीच्यापेक्षा काळा होता, फुगल्यासारखा.

"हा टीबी नाही," ते म्हणाले. "जन्माचंही दुखणं नसावं. ह्या वेळी इथं हवा आत जात होती आणि बाहेर येत नव्हती. नळीत काही तरी बसलंय. ह्या तारखेच्या आधी, चार-आठ दिवसांत. काय खाताना ठसका लागला होता हिला?"

"तसलं कायबी न्हाई साहेब, मी सकाळीच..."

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले. "मी बाईंना विचारतोय. तुम्ही सांगा."

सुलाबाईनं आधी नवऱ्याकडे बघितलं. मग खाली. डॉक्टर थांबले. पहिल्यांदाच त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"शेंगदाणं," ती म्हणाली. "भाजल्यालं शेंगदाणं हुतं साहेब. कराडच्या स्टँडवर. सात मार्चला."

सात मार्च. जोतीरामची सुटी संपल्याचा दिवस. आणि मग त्याला सगळं दिसलं. पुण्याची गाडी लागायची होती. पोरगी बाप जाणार म्हणून भोकाड पसरून बसली होती. तिला हसवायला ह्यानं कागदाच्या पुडीतले शेंगदाणे एकेक वर उडवून तिच्या तोंडात झेलायला लावले होते. आ कर, आ कर! रडता रडता पोरगी हसायला लागली, आणि हसता हसता एक दाणा आत गेला. ठसका लागला. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. ह्यानं पाठीत दोन धपके दिले, तिनं मोठा श्वास घेतला आणि परत रडायला लागली. तेवढ्यात गाडी लागली. हा खिडकीतनं हात हलवत गेला. दिल्ली येईपर्यंत त्याच्या ध्यानातनं ते गेलंसुद्धा होतं.

"त्याच सांजपासनं खोकाय लागली," सुलाबाई सांगत होती. "कराडच्या डाक्तरला सांगितलं मी, ठसक्यापासनं झालंय. त्ये हासलं. म्हणलं, ठसक्यानं ताप येत न्हाई बाई. मंग मामींना, ह्यांच्या आईला, सांगितलं. त्या म्हणल्या, ह्ये परत तोंडातनं काडू नगंस. जोत्याच्या कानावर गेलं तर तिकडं जिवाचं काय तरी करून घील. तवापासनं कुटंच बोलले न्हाई."

"आणि आज सकाळी?" डॉक्टरांनी विचारलं. "कागदावर हाच प्रश्न होता."

"ह्ये म्होरं हुबं हुतं की," ती म्हणाली.

"सकाळी हे कळलं असतं तर मला फोटोची गरजच नव्हती," डॉक्टर म्हणाले. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं. मग ड्रायव्हरकडे वळले. "पुढची सीट मोकळी कर. बाई, मुलीला घेऊन मागं बसा. हवालदार, पुढं. आजच पुण्याला नेऊ, सकाळी नळी घालू. नऊ महिने दाणा आत आहे, तो कुजला असेल, भोवती मांस वाढलं असेल. काढताना श्वास बंद पडू शकतो, हे आत्ताच सांगतो. सही करावी लागेल."

"करतो," जोतीराम म्हणाला.

पुण्यापर्यंतच्या वाटेत तो एकदाही मागं वळून बघू शकला नाही. कराड गेलं. हमरस्त्यावरनं त्या स्टँडकडं जाणारा फाटा गेला. सातारा गेलं, शिरवळ गेलं. मागनं पोरीच्या छातीचा घर्रघर्र आवाज येत होता आणि मध्येच तो थांबला की ह्याचाही श्वास थांबायचा. एकदाच, खंबाटकीच्या घाटात, त्यानं पुढं बघतच विचारलं, "मला लिवायचं न्हाईस व्हय एक अक्षर?"

"काय लिवू?" सुलाबाई हळूच म्हणाली. "तुमी तिकडं बर्फात बंदूक घिऊन हुबं. ह्ये मनात घिऊन कसं हुबं ऱ्हायला आसता?"

सकाळी दहा माणसांत "आई हायस का कोन हायस" म्हणालेला तो. त्याला वाटलं, घाटात गाडीचं दार उघडावं आणि पडावं खाली. पण पोरीच्या कागदावर सही करायची होती. तेवढ्यासाठी तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. दोन तास. मध्ये एकदा दार उघडून एक नर्स धावत गेली आणि धावत परत आली. सुलाबाई बाकावर बसली होती. जोतीराम भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, बाकावर बसण्याची आपली लायकी नाही असं वाटून. बाजूनं जाणारे लोक त्याला ओलांडून जात होते.

डॉक्टर बाहेर आले ते स्टीलची छोटी वाटी घेऊन. तीत शेंगदाण्याची अर्धी डाळिंबी. फुगलेली, काळी, बोटानं दाबली तर लगदा होईल अशी. "दोनदा थांबली होती," ते म्हणाले. "पण आली परत. आता श्वास मोकळा होईल. खालचा भाग मात्र फार दिवस बंद होता, तो पुरता उघडेल असं मी सांगत नाही. दर हिवाळ्यात जपावं लागेल. जन्मभर."

"व्हय साहेब," जोतीराम म्हणाला. त्या वाटीवरनं त्याची नजर हटत नव्हती.

तेवढ्यात आतनं रडण्याचा आवाज आला. नऊ महिने त्या घरानं पोरीचं रडणं ऐकलं होतं ते नुसतं कण्हणं, पुढं रेटायला छातीत हवाच नसायची. हे तसं नव्हतं. हे खणखणीत होतं, भिंतीपलीकडून येणारं, रागाचं. सुलाबाई ताडकन उठली. जोतीराम उठला नाही.

"चला," ती म्हणाली. "बोलावतीया."

"तुला बोलावतीया. जा तू."

"कान हायती का काय तुमास्नी? आप्पा आप्पा करतीया ती."

त्यानं ऐकलं. खरंच होतं. घसा सोलवटलेला, शब्द धड उमटत नव्हता, पण आप्पाच होता तो.

"कुठल्या तोंडानं जाऊ गं तिच्याम्होरं?" जोतीराम म्हणाला, आणि आता तो रडत होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

सुलाबाईनं पदरानं त्याचं तोंड खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, आणि दंडाला धरून त्याला उभं केलं.

"ह्याच तोंडानं," ती म्हणाली. "तिला दुसरं ठावं न्हाई."